चार वाजता हिचा आवाज

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मराठी घरात शिकलो, हिंदी मिलमध्ये, आणि इंग्रजी कुठंच नाही. तेव्हा या लिहिण्यात चुका निघतील. निघू देत. मला काही माणसांचे आभार मानायचे आहेत. तोंडी मानायला गेलो तर मी ओरडतो, म्हणून लिहून मानतो.

ओरडतो, कारण ऐकू येत नाही. आमच्या शहरातल्या हजीरा भागातल्या कापड मिलमध्ये माझं आयुष्य मागावर गेलं. एका छताखाली शेकडो माग धडधडत असतात तिथं माणसाचे कान टिकत नाहीत. मिल बंद पडली, पगार बंद झाला, पण कान काही परत आले नाहीत. डाव्या कानानं काहीच नाही. उजव्यात यंत्र घातलं की थोडं येतं, तेही जवळ बसून कुणी जोरात बोललं तर.

बायको दिवाळीनंतर गेली. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी गेली. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही. मला जमत नाही.

तिच्या गळ्याबद्दल मात्र लिहिलं पाहिजे. आमच्या गल्लीत मराठी बायकांचं भजनी मंडळ आहे, सात-आठ जणींचं. ही त्यांची पुढची गाणारी. पूर्वी बैठक आमच्या घरी असायची, ही गेल्यावर शेजारच्या वहिनींकडे गेली. वहिनींची आणि आमची भिंत एकच. हिला भजनं पाठ होती, काही ओळी ती स्वतःही जोडायची. पण वही धरायची नाही. शिकलेली माझ्याहून जास्त, सातवी पास, तरी म्हणायची, "लिहिलेलं मला वेळेवर सापडत नाही." मुलीनं तिला मोबाइल दिला तेव्हा तिनं त्याचा एक उपयोग बरोबर धरला. स्वयंपाक करताना फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवायचा, लाल खूण दाबायची आणि गायचं. पुढं मंडळात तेच लावायचं आणि बायकांना शिकवायचं.

आता स्वयंपाकघरात गायलं की मध्ये स्वयंपाक येणारच. भजन चालू असताना मध्येच, "अहो, दूध बघा! दूध! देवा रे, भिंतीला सांगितलं असतं तर भिंत उठली असती." की पुन्हा भजन. हे मला कसं माहीत? तिनंच मला सांगितलं होतं, हसत हसत. म्हणाली, "मंडळात सगळ्या ऐकतात तुमची कीर्ती."

ती गेल्यावर फोन मी तिच्या साड्यांच्या कपाटात ठेवला आणि कपाट बंद केलं. उन्हाळा लागला तेव्हा मुलीचा निरोप आला. मुलगी इंदूरला असते, संगणकावर काम करते. मला फोनवर बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ती मोठ्या अक्षरात लिहून पाठवते. लिहिलं होतं, "बाबा, सुट्टी मिळाली की येते. आईची गाणी माझ्याकडे नाहीत, ती फक्त तिच्या फोनमध्येच आहेत. फोन सांभाळून ठेवा. कुणाला देऊ नका."

मी कपाट उघडलं. फोन फुगला होता, मागचं झाकण उचललं होतं. तो तसाच रुमालात बांधून इंदरगंज बाजारातल्या एका दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "दादाजी, बैटरी फूल गई है, बदलनी पड़ेगी। अंदर का सामान वैसा ही रहेगा।" कुणाला देऊ नका म्हणून सांगितलेलं असताना मी तो दिला. दुसरा इलाज नव्हता, पण दिला हे खरं.

घरी आणून चालू केला तो अधिक महिन्याचा पहिला दिवस होता. दुपारचे चार वाजत होते. चारला आमचा चहा व्हायचा. मी चहा केला, खुर्चीत बसलो, फोन चालू केला. लगेच त्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. खाली दोन शब्द, एक डावीकडे, एक उजवीकडे. मिलमध्ये मशीनला विचारायची पद्धत नव्हती, मशीन चालू करायची पद्धत होती. मी उजवीकडचा दाबला. पाटी गेली. मग मुलीनं एकदा दाखवलं होतं तशी हिच्या गाण्यांची यादी काढली आणि पहिलं दाबलं.

काही नाही.

मी यंत्र काढून फोन उजव्या कानाला लावला. पुन्हा यंत्र घालून लावला. फोनचा आवाज जरा वाढवला. फोनवरची रेघ पुढं सरकत होती, सेकंद पळत होते, आणि आवाज नाही. धोट्यातलं सूत संपलं की माग असाच चालतो. खडखडाट सगळा, कापड शून्य. ही हयात असताना मौज म्हणून तेच गाणं माझ्या कानाशी लावायची तेव्हा शब्द कळायचे नाहीत, पण गुणगुण तरी यायची. आता गुणगुणही नाही.

माझ्या मनानं निकाल देऊन टाकला. इंग्रजीत त्यानं विचारलं असणार, पुसू का? आणि मी म्हातारा हो म्हणालो.

त्या दिवसापासून मी काय केलं ते वाचून लोक हसतील. मी रोज चारला, फक्त चारला, फोन चालू करायचो, एक गाणं लावायचो, रेघ शेवटपर्यंत जाईतो बघायचो आणि फोन बंद करून ठेवायचो. दिवसातून एकदाच. जास्त दाबादाबी केली तर उरलंसुरलंही जाईल अशी भीती. वेळही तीच, कारण मिलच्या भोंग्यावर वाढलेला माणूस मी, ठरल्या वेळेचं काम ठरल्या वेळेला. मुलीला काही कळवलं नाही. तिला काय लिहू? तुझ्या आईचा आवाज होता, तो मी एका बोटानं घालवला?

आणि याच दिवसांत आणखी एक त्रास सुरू झाला. रोज संध्याकाळी वहिनींकडून वाटी यायची. कधी शिकरण, कधी कैरीची डाळ, एकदा थालीपीठ आणि वर लोण्याचा गोळा. ही गेल्यापासून सहा महिन्यांत त्या माझ्याशी चार शब्द बोलल्या नव्हत्या, आणि एकदम वाट्या. आमच्या गल्लीतल्या बायकांची एक रीत आहे. बाई गेली की वर्षाच्या आत तिच्या नवऱ्याच्या दारात तिचा विषय काढायचा नाही. त्याला बोलतं करून रडवू नये, असा हिशेब. त्यामुळं त्या यायच्या, वाटी कठड्यावर ठेवायच्या, मान हलवायच्या आणि जायच्या. मला ते झोंबायला लागलं. एक दिवस मी त्यांना अडवलंच.

"वहिनी, हे रोजचं काय आहे? मला दया नको. भाकरी मला थापता येते."

त्या दचकल्या. मी किती जोरात बोललो ते समोरच्या घरातली बाई खिडकीत आली त्यावरून कळलं. वहिनी अगदी जवळ येऊन म्हणाल्या, "दया कसली भाऊजी? तुम्ही आम्हाला रोज जे देता, त्यापुढं ही वाटी म्हणजे काय?"

शब्द नीट ऐकू आले. अर्थ लागला नाही. मी त्यांना काय देत होतो? रिकामी वाटी परत देत होतो, तीही न घासता. मला वाटलं, उन्हानं बाईचं डोकं फिरलं. वाटी आत नेली आणि खाल्ली. कैरीची डाळ चांगली होती.

मुलगी आली ती अठराव्या दिवशी, सकाळच्या गाडीनं. तिनं आंघोळ केली, जेवली, आईच्या फोटोपुढं बसली. मी दिवसभर काही ना काही निमित्त काढून घराबाहेर. भाजी आणली, पुन्हा कोथिंबीर आणली, कूलरमध्ये पाणी भरलं, भरलेल्यात पुन्हा भरलं. तिला ते कळलं. चारला पाच मिनिटं कमी असताना तिनं मला हात धरून खुर्चीत बसवलं आणि समोर बसून विचारलं, "बाबा, फोन कुठंय?"

मी आणून दिला. आणि सांगून टाकलं. दुकान, बॅटरी, इंग्रजी पाटी, उजवं बटण, सगळं. म्हणालो, "तुझ्या आईचा आवाज माझ्या हातून गेला. काय बोलायचं ते बोल."

तिनं फोन हातात घेतला. फोन चालू केला. यादी काढली. तिचा चेहरा बघत होतो मी. पहिलं गाणं दाबलं, रेघ धावायला लागली. तिनं फोन कानाला लावला आणि भुवया वर गेल्या. मी म्हटलं, बघ. तिनं आवाज वाढवला. आणखी वाढवला. मग ती फोनच्या वरच्या कडेला असलेल्या एका बारक्या खुणेकडे बघायला लागली, आणि तेवढ्यात दाराशी कुणीतरी आलं. वहिनी. पदर खोचलेला, हातात झांजा तशाच.

"भाऊजी, आज आवाज जरा बारीक करा हो! भिंती हलतायत. पेटी ऐकू येईना कुणाला."

हे वहिनी काय बोलल्या ते मुलीनं मला नंतर सांगितलं. त्या वेळी मी फक्त पोरीचं तोंड बघितलं. ती वहिनींकडे बघत होती, फोनकडे बघत होती, आणि मग मोठ्यानं, मलाही ऐकू येईल एवढ्यानं, तिच्या तोंडून हिंदी बाहेर पडली, "बाबा, ये तो जुड़ा हुआ है! आवाज गेला नाही. शेजारी गेलाय!"

आम्ही तिघं वहिनींकडे गेलो. बैठकीच्या खोलीत सतरंजीवर बायका बसलेल्या, मधे पाटावर डब्याएवढा एक काळा स्पीकर. मंडळानं तो हिच्याच सांगण्यावरून घेतला होता. आणि त्यातून आमची ही गात होती.

मुलीनं मला नंतर तीन-तीनदा समजावून सांगितलं. फोन आणि स्पीकर यांच्यात तार नसते, ब्लूटूथनं एकमेकांना धरतात, भिंतीपलीकडूनही. एकदा ओळख झाली की पुन्हा जवळ आल्यावर आपोआप धरतात. हिचा फोन सहा महिने बंद होता, मधे स्पीकर दुरुस्तीला जाऊन आला होता, म्हणून पहिल्या दिवशी फोननं विचारलं होतं, जोडू का? आणि मी हो म्हणालो. अधिक महिन्यात मंडळ रोज बसतं, चारलाच स्पीकर चालू करतं. मीही चारलाच. गाणं मी इकडं लावत होतो, वाजत तिकडं होतं. मी फोन बंद केला की त्यांचा स्पीकर मोकळा.

वहिनींना आता रीत मोडावीच लागली. मुलीला म्हणाल्या, "अगं, पहिल्या दिवशी आम्ही पेटीचा सूर लावायला म्हणून हा चालू केला, तर ताईच बोलायला लागल्या. एक जण तर उठून बाहेर पळाली. मग म्हटलं, भाऊजींनी लावलं असणार. घड्याळाचा माणूस, बरोबर चारला लावतात. रोज एक गाणं. आम्ही आधी ते ऐकतो, मग आमचं सुरू करतो. त्यांना सांगायचं तर कसं? पण काहीतरी हातावर ठेवावं म्हणून ती वाटी."

"आणि बाबांना काही ऐकूच येत नव्हतं," मुलगी म्हणाली.

खोलीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळ्याच हसायला लागल्या, डोळ्याला पदर लावून. मी हसलो की रडलो ते मला माहीत नाही, दोन्ही असेल. अठरा दिवस मी तिचा आवाज मारला म्हणून स्वतःला शिव्या देत होतो, आणि तो भिंतीपलीकडे आठ बायकांत मजेत बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीनं फोनमधलं सगळं आपल्या संगणकावर घेतलं. मी शेजारी बसून बघितलं. फोन इकडं, संगणक तिकडं, मधे काही नाही, आणि एकेक गाणं इकडून तिकडं जातंय. मग तेच तिच्या फोनमध्ये गेलं, तेच माझ्या फोनमध्ये. मी म्हटलं, "आता कुठल्याही बटणानं जाणार नाही ना?" ती म्हणाली, "आता तुम्ही सगळी बटणं दाबलीत तरी नाही." माझ्या कानात नवं यंत्र आलंय तेही तिनंच बसवून घेतलं. ते माझ्या फोनला तसंच जोडलेलं असतं, आवाज थेट कानात येतो. ज्यांनी हे डोकं लावून बनवलं असेल त्यांचं भलं होवो. मला त्यांची नावं माहीत नाहीत.

पण ते यंत्र नंतर आलं. आधी मला त्या दुसऱ्या दिवसाच्या चारबद्दल लिहायचंय.

मुलगी विचारत होती, "बाबा, तो स्पीकर तोडू का फोनपासून? म्हणजे आवाज इथंच येईल." मी म्हटलं, "नको. मीच तिकडं जाऊन बसतो." बायकांच्या बैठकीत मी कधी गेलो नव्हतो. वहिनींनी दाराजवळ एक खुर्ची मांडली. चार वाजता मुलीनं गाणं लावलं. मी स्पीकरच्या जवळ वाकून ऐकलं. आवाज तिचाच होता, त्याची खात्री पटली. पण शब्द लागेनात. मी मुलीला तसं म्हणालो. म्हणालो, "मला तिचं तोंड दिसत नाही ना."

कारण असं की मिलमध्ये मागांच्या गोंगाटात आम्ही सगळे ओठांवरून बोलणं ओळखायचो. घरीही तेच चालायचं. ही बोलायची तेव्हा मी कानानं कमी, डोळ्यानं जास्त ऐकायचो. ओठ नसतील तर माझ्यासाठी तो आवाज म्हणजे नुसती गुणगुण.

वहिनींनी ऐकलं. त्या उठल्या आणि खुर्चीसमोर येऊन सतरंजीवर बसल्या, माझ्याकडे तोंड करून. मुलीला म्हणाल्या, "पहिल्यापासून लाव." आणि हिच्या आवाजाबरोबर त्या ओठ हलवायला लागल्या. आवाज हिचा, ओठ वहिनींचे. मग बाकीच्याही वळल्या. अठरा दिवस ऐकून त्यांना सगळं पाठ झालं होतं, नुसतं भजन नाही, मधलंही. "अहो, पायजमा तिथंच टाकलात ना?" हेही आठ जणींनी एकदम म्हटलं आणि मला लाजेनं मान खाली घालता येईना, कारण मान खाली घातली तर ओठ दिसणार नाहीत. मग एके ठिकाणी ही मंडळातल्या बायकांनाच सांगत होती, तेही त्यांनी मला जसंच्या तसं ओठांवर दिलं. "माझ्या गळ्याचं कौतुक करता, ते ह्यांचं करा. आयुष्यभर बहिऱ्या माणसाला हाका मारल्या, गळा पक्का होणार नाही तर काय." हे ती मला कधी बोलली नव्हती.

मग चुलीचं भजन आलं. हे तिनं स्वतः जोडलेलं. बायकांच्या ओठांवर मी पहिली ओळ वाचली:

*चुलीपाशी फुंकताना नाव तुझं आलं ओठी*

आणि एकदम सगळे ओठ थांबले. आठही तोंडं बंद. मला वाटलं, वीज गेली. मुलीकडे बघितलं. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, इथं कुकरची शिट्टी आहे. पुढची ओळ शिट्टीत गेलीये. कुणालाच कळत नाही."

वहिनी म्हणाल्या, "हे लागलं की आम्ही दरवेळी इथंच अडतो. ताई होत्या तेव्हा विचारायचं राहून गेलं."

आता ही ओळ ती गॅसपाशी उभी राहून म्हणायची तेव्हा मी समोर पाटावर जेवायला बसलेलो असायचो. शिट्टी मला ऐकू येत नाही. तिचे ओठ दिसायचे. किती वेळा बघितले असतील त्याला गणती नाही. मी म्हटलं, "मला येते." आणि म्हटली:

*धूर गेला दारावाटे, ऊब राहिली गं पोटी*

वहिनींनी हातानं खूण केली, पुन्हा. मी पुन्हा म्हटली. एकीनं फोनमध्ये लिहून घेतली. तिसऱ्यांदा म्हणताना मी खुर्चीतून उठलोच, घसा ताणून म्हटली, तेव्हा वहिनी कानांवर हात ठेवून माझ्यासमोर आल्या आणि ओठ अगदी स्वच्छ हलवत म्हणाल्या,

"भाऊजी, कळली. हळू. आम्हाला ऐकू येतं."

मग त्या ती ओळ गायला लागल्या, आणि मी खाली बसून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.